डोक्यावरून जाणाऱ्या पॅरामोटर-विमानांची तक्रार: ती फायलीत का पडून राहते आणि हलवायची कशी

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे पावणेआठ. धार काढून भांडं पडवीत ठेवतोय तोवर पोफळींच्या शेंड्यांवरून घरघरत एक पॅरामोटर आलं. पुढच्या सीटवरच्या पाहुण्याच्या पायातली निळी चप्पल ओळखू येत होती, इतकं खाली. गाय बिथरली, दावं तोडून आगरात घुसली आणि पावसाळ्यात लावलेली पोफळीची रोपं तुडवून पलीकडे निघाली. वरच्या पाहुण्याने हात हलवून टाटा केलं.

पुढचे सहा महिने मी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. पोलीस म्हणाले, हे हवेतलं आहे, विमानवाल्यांना कळवा. विमानवाल्यांचं उत्तर आलं, स्थानिक प्रशासनाशी संपर्क साधावा. बंदराच्या कार्यालयात सांगितलं, आमचा अधिकार पाण्यावर. आणखी एका टेबलावरच्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडचं ते निदान उडून तरी जातं. आमच्या घराशेजारी हॉल आहे."

किनाऱ्यावर ज्यांच्या घरांवरून असं काही रोज जातं त्यांच्यासाठी, या फेऱ्यांतून जे कळलं ते लिहितो. माझी पहिली तक्रार चार पानांची होती आणि सगळी आवाजाबद्दल होती. तिथेच फसलो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि ती दहा डेसिबलने ओलांडली गेली तर तक्रार करता येते. पण वीस सेकंदांत माडांआड गेलेल्या यंत्राचा आवाज अधिकृत मीटर लावून मोजणार कोण? मोबाईलवरच्या ॲपचा आकडा कोणी धरत नाही. आवाजाची तक्रार तिथेच मरते. किती उंचीवरून गेलं आणि खाली कोण होतं, ही तक्रार टिकते.

आधी ओळखा, उडतंय काय

यावरून कार्यालय ठरतं, म्हणून इथे घाई नको.

पाठीवर किंवा तीन चाकांच्या गाडीवर पंखा आणि वर कापडी पंख, ते पॅरामोटर. ताठ पंखांचं एक-दोन माणसांचं हलकं यंत्र म्हणजे मायक्रोलाइट. चार माणसांचं एका इंजिनाचं विमान बहुधा प्रशिक्षणाचं किंवा खासगी मालकीचं असतं आणि गिरक्या, सूर, एकदम वर उसळणं असे प्रकार करताना दिसतं ते यातलंच. या तिन्हींसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. मुख्यालय दिल्लीत, आपल्या भागाचं कार्यालय मुंबईत.

होडीला किंवा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जीपला दोर बांधून उडवतात ते पॅरासेलिंग. त्याला विमानाचे नियम लावायला गेलात तर सहा महिने फुकट. किनाऱ्यावरच्या जलक्रीडांचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो, त्यामुळे त्यांच्या बंदर अधिकाऱ्याकडे जा. ड्रोनला २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत. त्याबद्दल पुढे.

राहिलं लष्करी. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यांची विमानं आणि हेलिकॉप्टरं गस्तीसाठी खालून जातात आणि जायलाच हवीत. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणात साजरा झाला तेव्हाही नौदलाच्या विमानांनी कसरती केल्या. ही उड्डाणं डीजीसीएच्या कक्षेत नाहीत. एकदा एका उत्साही गृहस्थाने तटरक्षकाच्या हेलिकॉप्टरविरुद्ध अर्ज दिला आणि त्यानंतर गावाच्या खऱ्या अर्जाकडेही कोणी नीट बघेना. यंत्रावर तटरक्षक दलाची खूण दिसली की तक्रारीची वही बंद करा.

नियम काय म्हणतो

डोळ्यांनी बघून उडवायच्या नागरी विमानासाठी साधा नियम आहे. गाव-शहराच्या दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या लोकांवरून जाताना, विमानापासून ६०० मीटरच्या परिघात जे सर्वांत उंच असेल त्याच्याही वर किमान ३०० मीटर. इतरत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून किमान १५० मीटर. सवलत फक्त चढता-उतरताना, किंवा सक्षम अधिकाऱ्याने परवानगी दिली असेल तर. हवाई कसरतीही ठरवून दिलेल्या अटींवरच करता येतात. शिवाय कमी उंचीमुळे किंवा माणसांच्या, घरांच्या जवळून गेल्यामुळे विनाकारण धोका होईल असं उडवायचं नाही, असाही नियम आहे. जाणूनबुजून तसं उडवणं हा विमान कायद्याखाली गुन्हा आहे. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, त्यातही तो गुन्हाच राहिला.

आपली वाडी 'दाट वस्ती' ठरते का, यावर वाद घालणारे भेटतील. घालू द्या. रविवारी पुळणीवर चारशे माणसं असतात, पालखीच्या दिवशी सहाणेवर सगळा गाव असतो, रापणीचं जाळं ओढताना किनाऱ्यावर पन्नास जण दोराला असतात. उघड्यावर जमलेले लोक म्हणजे हेच. माझ्या मते वस्तीपेक्षा याच मुद्द्यावर बोट ठेवावं. पॅरामोटर आणि मायक्रोलाइटच्या वेगळ्या अटीही असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत उंचीच्या जोडीला 'परवानगी दाखवा' हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

उंची मोजायची कशी

"लय खालून गेलं" याला कागदावर किंमत नाही. दोन साध्या रीती आहेत. दोन्ही आम्ही वापरल्या.

पहिली पट्टीची. हात पूर्ण ताणला की डोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर साधारण ६० सेंटिमीटर भरतं. तुमचं मोजून घ्या. प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या सेस्ना १७२ विमानाच्या पंखांची लांबी ११ मीटर. ते बरोबर डोक्यावर असताना ताणलेल्या हातातल्या शाळेच्या पट्टीवर पंख ४.४ सेंटिमीटर दिसले तर विमान १५० मीटरवर आहे, २.२ दिसले तर ३०० मीटरवर. त्याहून रुंद दिसलं तर तेवढ्याहून जवळ. विमान तिरकं असेल तर मिळतं ते तिरकं अंतर, आणि उंची त्याहून कमीच असते. म्हणजे चूक झाली तरी वैमानिकाच्या फायद्याची होते. अर्जात हे वाक्य जरूर लिहा.

दुसरी रीत कागदाची, आणि ती पॅरामोटरलाही चालते, कारण पंखाचं माप माहीत असावं लागत नाही. चौकोनी कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. किनाऱ्यालगतची एक ठळक खूण धरा, समजा देऊळ. तिथून सरळ आत, मोबाईलच्या नकाशावर मोजून १५० मीटरवर उभे राहा, तोंड समुद्राकडे. कागदाची खालची कड क्षितिजाच्या रेषेला लावा. आपल्याकडे हे क्षितिज फुकट मिळतं, घाटावरच्यांना पातळी बघायला पाण्याची नळी लागेल. देवळापाशी दुसरा माणूस ठेवा. यंत्र त्याच्या डोक्यावर आलं की त्याने फोनवर "आता" म्हणायचं. त्या क्षणी ते तिरक्या कडेच्या खाली दिसलं, तर उंची १५० मीटरपेक्षा कमी.

आमच्याकडे देवळापाशी पुतण्या होता. पहिल्या दिवशी यंत्र आल्यावर तो "आता" म्हणायच्या ऐवजी "काका, गेलं" म्हणाला. चार दिवसांनी जमलं.

कोकणात एक पेच आहे. पुळणीवरून १५० मीटर म्हणजे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, घरांवरून साठ-सत्तर मीटरच उरतात. उंची खालच्या जमिनीपासून धरायची असते, समुद्रापासून नाही. त्यामुळे उभे राहण्याची जागा आणि खूण एकाच पातळीवर हवी, आणि सड्यावरच्या लोकांनी आपली मोजणी वेगळी करावी.

वही

दोनशे पानी वही, एकच, सगळ्या वाडीची. तारीख, वेळ मिनिटासकट, यंत्राचा प्रकार आणि रंग, कुठून आलं कुठे गेलं, मोजलेली उंची आणि रीत, खाली त्या वेळी काय चालू होतं, पाहणाऱ्यांच्या सह्या. शेवटून दुसरा रकाना सर्वांत मोलाचा. 'आंबा काढायला कलमावर माणूस होता', 'शाळेची प्रार्थना चालू', 'वाळत घातलेल्या मासळीवर वाळू उडाली' अशा नोंदी अधिकाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतात. गुरांचं नुकसान झालं तर पशुवैद्यकाचा कागद त्याच दिवशी घ्या. मी घेतला नाही. रोपांचे फोटोही तिसऱ्या दिवशी काढले, तोवर बायकोने नवी रोपं लावून टाकली होती.

भारतीय विमानाचं नोंदणीचिन्ह 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतं, पुढे आणखी तीन अक्षरं. ती पंखाखाली आणि अंगावर असतात. ती मिळाली तर निम्मं काम झालं. उड्डाणं दाखवणाऱ्या ॲपवर बघा, पण छोटी विमानं तिथे दिसतीलच असं नाही आणि पॅरामोटर तर नाहीच.

व्हिडिओ काढताना झूम करू नका. माड, देवळाचा कळस, विजेचा खांब असं काही चौकटीत राहू द्या, नाहीतर निळ्या आकाशात एक ठिपका उरतो. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल लहान होते आणि तिच्यातली वेळेची माहिती जाते. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते ज्याच्या फोनवर चित्रण झालं त्याचं असलेलं बरं.

वैमानिकाच्या डोळ्यांवर लेझर किंवा बॅटरी मारू नका. दगड भिरकावू नका. तुम्ही तक्रारदार असता ते आरोपी होता, आणि वरचा माणूस खरंच खाली पडू शकतो.

अर्जाआधी एकदा बोलून बघा

यंत्र उतरतं तिथे जा, संध्याकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर. आमच्याकडे चालवणारा मुलगा शेजारच्याच तालुक्यातला निघाला. त्याला घरांवरून जायची हौस नव्हती. समुद्रावरून सलग गेलं की पाहुण्यांना फोटोत किल्ला मिळत नाही, म्हणून तो खाडीच्या तोंडावरून आत वळत होता. अर्धा तास बोललो. सकाळच्या फेऱ्या त्याने समुद्रावरून न्यायला सुरुवात केली, दुपारच्या नाही.

बोलताना तीन गोष्टी विचारा: पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, विमा आहे का, विमान खात्याची परवानगी कुठली. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ चं आहे आणि त्यात जमिनीवरच्या, पाण्यातल्या, हवेतल्या अशा सगळ्या उपक्रमांना नोंदणी लागते. फलकाचा आणि पावतीचा फोटो घ्या.

आणि आपल्या ग्रामपंचायतीने या माणसाला पावती फाडून दिली आहे का, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी दिलेली असते. अशा वेळी कलेक्टरकडे जाण्याआधी घरचं भांडण घरात मिटवावं लागतं.

अर्ज

एक पान. पत्ता जिल्हाधिकाऱ्यांचा, प्रती बाकीच्यांना. सगळ्यांना एकच मागणी केली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून प्रत्येकाकडे त्याच्या अधिकारातलंच मागायचं. मसुदा असा:

"मौजे अमुक येथे दि. अमुक ते अमुक या काळात (इतक्या) वेळा मोटरवर चालणारे उड्डाणयंत्र वस्तीवरून व जमलेल्या लोकांवरून १५० मीटरपेक्षा कमी उंचीवरून गेले. नोंदवहीची प्रत, मोजणीची रीत व चित्रणाची यादी जोडली आहे. विनंती: (१) जिल्हाधिकारी यांनी सदर उड्डाणांना परवानगी आहे काय याची खात्री करून, नसल्यास ती थांबवावीत. (२) महासंचालनालयाने यंत्राची नोंदणी व चालकाची पात्रता तपासून कारवाई लेखी कळवावी. (३) पर्यटन संचालनालयाने नोंदणीची स्थिती कळवावी. (४) पोलीस ठाण्याने जागेचा पंचनामा करून जबाब घ्यावेत."

यात 'त्रास', 'मनमानी', 'जनतेचा उद्रेक' असे शब्द घालू नका. माझ्या पहिल्या अर्जात तिन्ही होते.

सोबत ग्रामसभेचा ठराव असेल तर वजन वाढतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या असतात. विषय आधी पत्रिकेवर घ्यायला लावा, आयत्या वेळच्या विषयात नको. १ मेची सभा उत्तम, चाकरमानी गावात असतात आणि सकाळी पडवीत झोपलेले तेही दचकून उठलेले असतात.

डीजीसीएकडे पोस्टाने पाठवाच, पण केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही टाका. तिथे क्रमांक मिळतो आणि निकालाची मुदत २१ दिवसांची आहे. तक्रार 'निकाली' दाखवून बंद केली तर त्याच पोर्टलवर अपील करा. जिल्ह्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. थेट सोमवारी कागद घेऊन गेलात तर परत पाठवतात.

पोलीस का टाळतात

हे समजून घेतलं की राग थोडा कमी होतो. विमान कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय डीजीसीएसारख्या केंद्रीय यंत्रणेच्या तक्रारीवर किंवा लेखी मंजुरीवरच घेतं. ठाणे अंमलदाराला वाटतं, मी गुन्हा नोंदवून करू काय? म्हणून ठाण्यात विमान कायद्याचं नाव काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ सांगा, म्हणजे हयगयीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुखापत झाली तर जास्त. शिक्षा किरकोळ आहे, पण गुन्हा दखलपात्र आहे. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने कळवा, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

पोलीस पाटलांना सोबत न्या. आमच्या पाटलांनी एकच वाक्य उच्चारलं, "साहेब, नाव-नोंदणी नसलेलं यंत्र संध्याकाळी किनाऱ्यावर फिरतंय, सागरी सुरक्षेच्या बैठकीत विचारलं तर मी काय सांगू?" तोवर घड्याळाकडे बघणाऱ्या साहेबांनी वही पुढे ओढली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या ठाण्यांत हा प्रश्न कोणी हलक्यात घेत नाही.

मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर बंद ठेवतात. पूर्वी कलम १४४ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे. तसा आदेश जिल्हा दंडाधिकारीही दोन महिन्यांपर्यंत काढू शकतात. यात्रा, शिमगा, गणपती अशा काळासाठी तेवढाच मागा, वर्षभराची बंदी मागू नका, मिळणार नाही.

ड्रोनचं सोपं आहे. नोंदणी क्रमांक हवा, ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा, आणि लग्नाच्या किंवा रिसॉर्टच्या कामासाठी २५० ग्रॅमवरचा ड्रोन उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्र लागतं. दंड एक लाखापर्यंत. चिपीच्या आसपासच्या गावांनी विमानतळाच्या क्षेत्राचा नकाशा आधी बघावा, तिथे नियम अधिक कडक आहेत.

खरा दट्ट्या: माहिती अधिकार

अर्ज दिल्यावर महिनाभराने माहिती अधिकाराचा कागद टाका. दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. राज्याच्या कार्यालयात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे पाल्हाळ नको. "कारवाई का केली नाही?" हा प्रश्न विचारायचा नाही, 'का' हे कागदावर नसतं आणि उत्तर टाळायला वाट मिळते. मागायचं ते असं: अमुक गावच्या हद्दीत उड्डाणासाठी दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, माझ्या अर्जावरील टिप्पणीची प्रत, तो अर्ज आज कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे त्याची नोंद.

मला आलेल्या एका उत्तरात एकच ओळ होती: "अभिलेखावर परवानगी आढळून येत नाही." सहा महिन्यांत मिळालेला सर्वांत कामाचा कागद तोच. त्याच्या झेरॉक्स काढून बाकी तीन कार्यालयांत पुन्हा दिल्या, आणि मग पहिल्यांदा कोणीतरी पुळणीवर पाहणीला आलं. उत्तर नाही मिळालं तर तीस दिवसांत पहिलं अपील, पुढे नव्वद दिवसांत माहिती आयोग.

कासवांचा किनारा असेल, वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारखा, तर वनविभागालाही प्रत द्या. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं आहे, आणि उड्डाणाला धावणारी चाकं किंवा जीप घरट्यांच्या वाळूवरूनच जात असतात. वनपाल बाकी कोणापेक्षाही लवकर येतो, हा आमचा अनुभव.

कोर्ट शेवटी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, रायगडला मुंबईच. किनाऱ्याच्या पर्यावरणाचा मुद्दा असेल तर हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात. तिथवर जायचं तर वर सांगितलेले सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावलेले हवेत, वकील पहिल्यांदा तेच मागतो.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. पाहणीनंतर पॅरामोटरवाल्याने नोंदणीसाठी अर्ज केला, आता तो खाडीच्या तोंडावरून आत वळत नाही. अधूनमधून शनिवारी दुपारी मात्र एक लाल-पांढरं विमान सड्यावर येतं, दोन गिरक्या घेतं आणि दक्षिणेकडे निघून जातं. त्याची 'व्हीटी'नंतरची दोन अक्षरं मिळाली आहेत. तिसऱ्यासाठी पुतण्या शनिवारी देवळापाशी दुर्बीण घेऊन बसतो.